परदेशांत पारपत्राची मुदत संपते तेव्हां

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या चौतिसाव्या अध्यायांत त्याचीं कामें दिलीं आहेत. एक माषक घेऊन त्यानें प्रवाशास मुद्रा द्यावी. मुद्रा जवळ असेल त्यासच जनपदांत शिरूं द्यावें किंवा जनपदाबाहेर पडूं द्यावें. मुद्रेवांचून सांपडलेल्या देशवासीयास बारा पण दंड करावा आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून भारी शिक्षा करावी, असा तो नियम. वाटेंत मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याकडे असे. शाळेंत हा भाग समजावून सांगतांना मुलें हंसत. गांवाबाहेर पडण्यास चिठ्ठी लागावी, ही गोष्ट त्यांस मोठी गमतीची वाटे. त्याच मुलांपैकीं कित्येक आज सातासमुद्रांपलीकडे आहेत आणि त्या चिठ्ठीचें महत्त्व त्यांस आतां कोणी शिकवावयास नको.

मुद्रा जवळ असलेला मनुष्य परमुलुखांत असतांनाच ती जुनी झाली तर त्यानें काय करावें, याविषयीं मात्र त्या लहानशा अध्यायांत कांहीं नाहीं. आजच्या कुटुंबांस अडतें तें नेमकें येथेंच. ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ ही आमच्याकडची म्हण थट्टेनें निघाली असेल. परंतु ज्यांचा मुलगा जर्मनींत, मुलगी अमेरिकेंत आणि पुतण्या आखातांत आहे, अशीं घरें आतां परभणींत, सेलूस, गंगाखेडास सहज दाखवितां येतील. अशा घरांतून वडील मंडळी निघतात तेव्हां पंचांग पाहिलें जातें, लोणच्याच्या बरण्या कापडांत बांधल्या जातात, औषधांच्या चिठ्ठ्या दोनदां मोजल्या जातात. पारपत्र, ज्याला घरोघरीं पासपोर्टच म्हणतात, तें मात्र ‘आहे ना?’ एवढ्या प्रश्नावर सुटतें. तें आहे, हें खरें, पण कधींपर्यंत?

पारपत्रावर छापलेली शेवटची तारीख ही व्यवहारांत शेवटची तारीख नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढें निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. ती नसेल तर त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याचीही वेळ येत नाहीं. मुंबईच्या विमानतळावर विमानकंपनीचा कारकूनच प्रवाशास परत पाठवितो. कांहीं ठिकाणीं याहून सूक्ष्म अडचण असते. अमेरिकेंत पाहुण्यास सामान्यतः सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. परंतु पारपत्र चारच महिन्यांत संपणार असेल, तर तेथील अधिकारी मुक्कामही तेवढ्यापुरताच लिहून देऊं शकतो. प्रवाशास वाटतें सहा महिने मिळाले, आणि नोंदींत असतात चार. ही नोंद पूर्वीं कागदाच्या चिठ्ठीवर मिळे. आतां ती संगणकावर पाहावी लागते, म्हणून वृद्धांच्या नजरेंतून ती सुटते. उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मुलांकडून ती काढून घ्यावी आणि तारीख आपल्या वहींत लिहावी.

प्रौढाचें भारतीय पारपत्र दहा वर्षें चालतें. मुलांचें पांच वर्षें, किंवा अठरावें वर्ष पुरें होईपर्यंत, यांतील जें आधीं असेल तेथपर्यंत. मुदत संपण्यापूर्वीं एक वर्षापासून नवें मागतां येतें, ही सवलत फार थोड्यांस ठाऊक असते. ‘नूतनीकरण’ हा शब्दही आतां बोलण्यापुरताच उरला आहे. पूर्वीं जुन्याच पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढवून मिळे. आतां नवी पुस्तिका मिळते, तिचा क्रमांक नवा असतो, आणि जुनीवर रद्द केल्याची खूण करून ती परत देतात. सन २००१ पूर्वीं हातानें लिहिलेलीं कांहीं पारपत्रें वीस वर्षांच्या मुदतीचीं होतीं. यंत्रानें वाचतां न येणारीं पारपत्रें नोव्हेंबर २०१५ नंतर चालणार नाहींत असें आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या संघटनेनें ठरविलें, तेव्हां मुदत शिल्लक असूनही अशा लोकांस नवीं पुस्तकें घ्यावीं लागलीं. छापलेली तारीख ही शेवटची तारीख नव्हे, याचें याहून ठळक उदाहरण नको.

एके काळीं यांतील कांहींच नव्हतें. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीनें निघाल्या, त्या वेळीं त्यांच्यापाशीं आजच्या अर्थानें पारपत्र असण्याचें कारणच नव्हतें. त्यांना अडविण्यास सरकार उभें नव्हतें, समाज उभा होता. समुद्रोल्लंघनाचा दोष, परत आल्यावरचें प्रायश्चित्त, पंक्तिव्यवहाराचा प्रश्न, हेच त्या काळचे नाके. पहिल्या महायुद्धांत सारें बदललें. हिंदुस्थान संरक्षण कायदा १९१५ सालीं झाला आणि त्याखालीं देशाबाहेर जाण्यास व परत येण्यास पारपत्र आवश्यक ठरलें. १९२० सालीं हिंदुस्थानांत प्रवेश करणारांसाठीं स्वतंत्र कायदाच झाला. त्याच वर्षीं राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरवून पारपत्राच्या पुस्तिकेचा एक नमुना सुचविला. आजची पुस्तिका ही त्याच नमुन्याची वंशज होय. एकीकडे प्रायश्चित्ताची कल्पना मावळत गेली आणि दुसरीकडे पुस्तिकेचें राज्य वाढत गेलें.

परभणीच्या माणसाची स्थिति त्या काळांत आणखी चमत्कारिक होती. आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानी प्रजा ही कायद्यानें ब्रिटिश प्रजा नव्हे. ती ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील समजली जाई, आणि पारपत्रावरही तशीच नोंद होई. मुंबईकर आणि परभणीकर एकाच बोटीवर शेजारीं शेजारीं बसले, तरी परक्या बंदरांतील अधिकाऱ्यापुढें ते दोन निरनिराळ्या वर्गांचे लोक ठरत. आपण कोण, हें आपण सांगून चालत नाहीं. पुस्तिका सांगते तें चालतें.

या पुस्तिकेवांचून मनुष्याचें काय होतें, हें पाहावयाचें असेल तर पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचें चरित्र आठवावें. मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणीं अमेरिकेस गेले, गदर चळवळींत पडले, महायुद्धाच्या काळांत इराणांत इंग्रजांविरुद्ध लढले, आणि अखेर १९२४ सालीं मेक्सिकोंत स्थिरावले. तेथें चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, मका व गहूं यांच्या वाणांवर काम केलें, शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. परक्या देशांत एवढा मान मिळालेला हा पुरुष मायदेशाच्या दारांत मात्र निषिद्ध होता. इंग्रज सरकारनें घातलेली बंदी स्वराज्य आल्यावरही दप्तरांत तशीच पडून राहिली. स्वतंत्र हिंदुस्थानांत येण्यासाठीं त्यांनीं व्हिसा मागितला तो प्रथम नाकारला गेला, आणि मागाहून तो निर्णय फिरविण्यांत आला. स्वतःच्या जन्मभूमीचा व्हिसा! पुढें ते नागपुरास येऊन राहिले. आमच्या परभणीस १९७२ सालीं कृषिविद्यापीठ निघालें. त्याच्या शेतांवरून जातांना, असा एखादा मनुष्य आपल्या मुलखास तीस वर्षें आधीं लाभता तर काय झालें असतें, असा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येतो.

खानखोजे २२ जानेवारी १९६७ रोजीं वारले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, १० एप्रिल १९६७ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें सतवंतसिंग सॉनी यांच्या खटल्यांत निकाल दिला कीं, परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याचा आधार नसतां केवळ सरकारच्या मर्जीनें पारपत्र नाकारतां यावयाचें नाहीं. तोंवर आपल्याकडे पारपत्र देण्या-न देण्याविषयीं संसदेचा असा कायदाच नव्हता. तो घाईनें करावा लागला, आणि २४ जून १९६७ रोजीं पारपत्र कायदा अस्तित्वांत आला. पुढें १९७७ सालीं श्रीमती मनेका गांधी यांचें पारपत्र कारण न सांगतां जप्त करण्यांत आलें. त्यावर २५ जानेवारी १९७८ रोजीं झालेल्या निकालानें पारपत्र काढून घेण्याची रीतही न्याय्य असली पाहिजे असें ठरलें. हा सारा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, परक्या देशांतील आपल्या वकिलातींत नव्या पुस्तिकेसाठीं अर्ज करणारा वृद्ध गृहस्थ तेथें उपकार मागावयास आलेला नसतो. कायद्यानें त्याला दिलेली गोष्ट तो मागत असतो. हें ज्यास ठाऊक आहे त्याचा हात अर्जावर कांपत नाहीं.

आमच्या घरचा प्रसंग याच संदर्भांत सांगतों. आमच्या मंडळींनीं थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठीं २०१० सालीं पारपत्र काढलें होतें. तें जुलै २०२० मध्यें संपावयाचें होतें. माझें त्यानंतरचें. ऑक्टोबर २०१९ मध्यें आम्ही उभयतां मुलीकडे अमेरिकेस गेलों, आणि परतीचें तिकीट मार्चच्या अखेरीचें होतें. परतल्यावरही तीन महिने मुदत शिल्लक राहणार, असा सरळ हिशेब होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत महामारीमुळें आपल्या सरकारनें परदेशांतून येणारीं विमानें बंद केलीं. आमचा तेथील मुक्काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत संपत होता. तो वाढवून मागावयाचा तर ऑक्टोबरपर्यंत, आणि पुस्तिका संपणार जुलैंत. मुक्कामवाढीसाठीं पारपत्र चालू पाहिजे, आणि पारपत्र मिळविण्यासाठीं असलेली एकुलती एक पुस्तिका टपालानें पाठविली पाहिजे. कारण कचेऱ्यांचीं दारें लोकांस बंद होतीं.

लेकीच्या घरीं महिनोन् महिने राहण्याचा संकोच आमच्या पिढींत अजून आहे. जावईबापू सज्जन, त्यांनीं एका शब्दानें तो जाणवूं दिला नाहीं. पण परभणीस आमच्या मातोश्री होत्या, वय वर्षें ८९, आणि रोज संध्याकाळीं दूरध्वनीवर त्यांचा एकच प्रश्न असे, ‘कधीं निघतां?’ पुस्तिका पाकिटांत घालतांना आमचें कुटुंब म्हणालें, ‘हें टपालांत गहाळ झालें तर मी घरीं जाऊं कशी?’ मुलीनें पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या प्रती काढून ठेवल्या, पोंच मिळेल अशाच टपालानें पाकीट धाडलें, आणि परतीचें पाकीटही तसेंच आंत घातलें. त्यानंतर पांच आठवडे कांहीं कळलें नाहीं. मुलगी रोज रात्रीं संगणकावर अर्जाची स्थिति पाही, आणि रोज तेथें एकच ओळ असे.

मध्यंतरीं परभणीहून धाकट्या भावाचा फोन आला. ‘दादा, पोलीस येऊन गेला.’ क्षणभर काळजांत चर्र झालें. मग उलगडा झाला. पारपत्राचा अर्ज परदेशांत केला, तरी त्यांत भारतांतील कायमचा पत्ता द्यावा लागतो, आणि त्या पत्त्यावर चौकशी होऊं शकते. टाळेबंदींत तोंड बांधून आलेला तो शिपाई दारांतच उभा राहून विचारता झाला, ‘काका, या बाई येथेंच राहतात ना?’ भावानें सांगितलें, ‘येथेंच राहतात. सध्यां अमेरिकेंत आहेत, लेकीकडे.’ ‘परत कधीं येणार?’ ‘तुमचें सरकार विमान सोडील तेव्हां.’ यावर शिपाई हंसला, असें भाऊ म्हणाला. शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या, शिधापत्रिका व वीजदेयक दाखविलें, काम झालें. एकत्र कुटुंबाविषयीं हल्लीं पुष्कळ उलटसुलट बोललें जातें. घर बंद असतें, तर ‘अर्जदार पत्त्यावर आढळली नाहीं’ एवढा शेरा त्या कागदावर पडला असता, आणि तो पुसण्यास किती महिने लागले असते कोण जाणे. ज्यांचीं घरें बंद असतात त्यांनीं शेजाऱ्यांस आणि नातलगांस आधीं कळवून ठेवावें, आणि कागदांच्या प्रती त्यांच्यापाशीं द्याव्या.

जूनच्या आरंभीं नवी पुस्तिका आली. सरकारनें परदेशीं अडकलेल्यांसाठीं ७ मेपासून ‘वंदे भारत’ नांवानें विमानें सोडण्यास आरंभ केला होता. त्यांत नांव नोंदवून जूनअखेर आम्ही मुंबईस उतरलों. नव्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर शिक्का बसला. सात दिवस मुंबईंत स्वखर्चानें एका निवासगृहांत विलग राहिलों, आणि मग मोटारीनें परभणीकडे निघावयाचें, तों कळलें कीं जिल्ह्यांतून जिल्ह्यांत जाण्यास पोलिसांचा ई-पास हवा! दोन खंड ओलांडण्यास पारपत्र पुरलें. जालना ओलांडून परभणींत शिरण्यास तें पुरेना. हद्दीवर एका तंबूंत बसलेल्या तरुणानें तो पास तपासला, आणि मला कौटिल्याचा विवीताध्यक्ष आठवल्यावांचून राहिला नाहीं. फरक एवढाच कीं यानें माषक घेतला नाहीं. पुढें आणखी सात दिवस आम्ही माडीवर आणि मातोश्री खालीं ओसरीवर. जिन्याच्या तोंडाशीं खुर्ची मांडून त्या बसत आणि वरच्या वर बोलणें चाले.

आतां कांहीं विखुरलेल्या गोष्टी. अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या वकिलातीखेरीज न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल आदि ठिकाणीं आपल्या कचेऱ्या आहेत, आणि राहत्या ठिकाणावरून आपली कचेरी ठरते; जवळची वाटली म्हणून दुसरीकडे अर्ज केल्यास तो परत येतो. अर्ज बहुधा थेट कचेरींत न घेतां नेमलेल्या कंत्राटी कंपनीमार्फत घेतात. छायाचित्राचें माप व शुल्क यांत वरचेवर बदल होतात, तेव्हां शेजाऱ्याच्या गेल्या वर्षींच्या अनुभवावर विसंबूं नये. त्या दिवशीं कचेरीच्या संकेतस्थळावर जें असेल तेंच खरें. लग्नानंतर नांव बदललेल्या मुलींनीं नव्या नांवाचे कागद आधीं सिद्ध ठेवावे. सही नेहमीचीच करावी. वृद्धांच्या हाताला कंप असतो आणि दोन कागदांवर दोन सह्या झाल्या कीं अर्ज अडतो. पारपत्र हरवलें तर प्रथम तेथील पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्यावी. लगेच निघावयाचें असेल आणि नव्या पुस्तिकेस वेळ नसेल, तर वकिलात आपत्कालीन प्रमाणपत्र देते. तें केवळ एकदां मायदेशीं परत येण्यापुरतें असतें. त्यावर तिसऱ्या देशांत फिरतां येत नाहीं, आणि आल्यावर नवें पारपत्र काढावेंच लागतें.

आखातांत गेलेल्या मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि ती आमच्या पांढरपेशा घरांतून क्वचितच बोलली जाते. जे दहावी उत्तीर्ण नसतात, त्यांच्या पारपत्रावर ठराविक देशांत नोकरीस जाण्यासाठीं सरकारी परवानगीची अट पडते. तपासणीची ही एक जादा पायरी त्यांच्याच रक्षणासाठीं असते. माझा एक जुना विद्यार्थी, जिंतूर तालुक्यांतला, असाच बांधकामावर गेला. तेथें मालकानें पोंचल्याबरोबर पुस्तिका ‘सुरक्षित ठेवतों’ म्हणून काढून घेतली. ती मालकाच्या कपाटांतच संपली. वडील वारल्याचा निरोप आला तेव्हां मुलापाशीं चालू पारपत्र नव्हतें, आणि वकिलात दोनशें मैलांवर. तो आला तो तेराव्यानंतर अकरा दिवसांनीं. अशा घरांस एक गोष्ट अवश्य सांगावी. १९६७ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें पारपत्र हें सर्वकाळ भारत सरकारच्या मालकीचें असतें. तें ना मालकाचें, ना दलालाचें. त्यानें अडकवून ठेवल्यास वकिलातींत तक्रार करतां येते, आणि ती करण्यास भिऊं नये. जातेवेळीं मुलानें पुस्तिकेची छायाप्रत घरीं आईजवळ ठेवावी, आणि शेवटची तारीख घरच्यांनीं लिहून घ्यावी. म्हणजे परभणींत बसूनही आई त्याला वेळेवर आठवण देऊं शकेल.

नवें पारपत्र हातीं आलें म्हणजे जुनें फाडून टाकण्याची घाई करूं नये. रद्द झालेल्या पुस्तिकेंत अमेरिकेचा व्हिसा चिकटविलेला असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर तो व्हिसा तसाच चालतो. विमानतळावर जुनी व नवी अशा दोन्ही पुस्तिका एकत्र दाखवावयाच्या. व्हिसाचें पान फाटलेलें किंवा ओलावलेलें नसावें. पुष्कळ लोक रबराच्या पट्टीनें दोन्ही बांधून ठेवतात. रबर उन्हाळ्यांत विरघळून पानांस चिकटतें. त्याऐवजीं कापडाची लहानशी पिशवी शिवून तींत दोन्ही ठेवाव्या, आणि प्रवासांत ती पिशवी सामानांत न टाकतां स्वतःजवळ बाळगावी.